ऐकतंय कोण?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या चित्रपट-रसास्वाद शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



माध्यमांमधली स्त्री हा विषय निघाला की आपण ताबडतोब 'प्रतिमे'बद्दल बोलायला लागतो. तिला कसं दाखवलंय, कपडे काय घातलेत, कॅमेरा तिच्या अंगावरून कसा फिरतोय. हे बोलायलाच हवं होतं आणि चळवळीने ते मोठ्याने बोलून दाखवलं. पोस्टरांना काळं फासलं, थिएटरांसमोर निदर्शनं केली. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा झाला. त्यातली व्याख्याही स्त्रीची आकृती, तिचं शरीर, शरीराचा एखादा भाग यांच्या चित्रणाची आहे. म्हणजे सगळा कारभार डोळ्यांचा. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंचा १९७५ सालचा निबंध तर आता अभ्यासक्रमांत लावला जातो. त्यातही मुद्दा नजरेचाच आहे : पडद्यावर पुरुष बघतो, बाई बघितली जाते, आणि प्रेक्षकालाही त्या पुरुषाच्याच डोळ्यांनी बघायला लावलं जातं.

आज मला कानांबद्दल बोलायचं आहे. मी ध्वनिसंकलनाचं काम करते, त्यामुळे सिनेमा बघताना माझे डोळे थोडे आळशी आणि कान जरा जास्तच आगाऊ झालेत. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. पडद्यावरचा प्रसंग बघताना आपल्या छातीत जे धडधडतं, ते बहुतेक वेळा आवाजांमुळे. आणि तो ताण तयार करताना दिग्दर्शकाने आपल्याला कोणाचे तरी कान उसने दिलेले असतात. कधी त्या बाईचे, कधी तिच्या मागावर असलेल्याचे, कधी नुसत्या बघ्याचे. कोणाचे कान, हे एकदा विचारायची सवय लागली की मग सिनेमा पूर्वीसारखा बघता येत नाही.

आधी हे आवाज येतात कुठून ते बघू. पडद्यावर ऐकू येणारं पाऊल बहुधा त्या नटाचं नसतंच. हिंदी सिनेमात कित्येक दशकं चित्रीकरणाच्या वेळचा आवाज टाकूनच देत असत. संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे आणि पावलं, बांगड्या, दाराची कडी, पेला ठेवल्याचा आवाज हे सगळं वेगळी माणसं पडद्याकडे बघत बघत करायची. आजही पुष्कळसं असंच चालतं. या कामाला 'फोली' म्हणतात. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचा गृहस्थ हे काम करायचा, त्याचं नाव त्याला चिकटलं. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, हाड मोडल्याच्या आवाजाला सेलरीची जाड दांडी, वाळूतल्या पावलांना आणखी काही. या कामात स्वयंपाकघर फार उपयोगी पडतं. यातून लक्षात घ्यायचं ते एवढंच की चित्रात एखादी गोष्ट चुकून आली असं होऊ शकतं, मागून एखादा माणूस सहज चालत गेला, भिंतीवर कॅलेंडर होतं. आवाज मात्र असा सहसा येत नाही. तो कोणीतरी ठरवून घातलेला असतो, आणि जो ऐकू येत नाही तो ठरवून काढलेला असतो.

'शोले' (१९७५) न पाहिलेली इथे कोणी असेल असं वाटत नाही. ठाकूरच्या घरातली माणसं मारली जातात तो प्रसंग आठवा. माणसं एकामागून एक पडतात, आणि आपल्या डोक्यात राहते ती झोपाळ्याची करकर. झोपाळा ही घरातली सगळ्यात निर्धास्त वस्तू. त्याची करकर आपण एरवी ऐकतसुद्धा नाही. पण बाकीचे सगळे आवाज काढून घेतले आणि ती एकटीच ठेवली, की मन पुढच्या करकरीची वाट बघायला लागतं. दोन करकरींच्या मधल्या जागेत भीती येऊन बसते. ताण तयार करण्याच्या बहुतेक युक्त्या या अशाच असतात. एक ठेका लावून द्यायचा आणि मग तो मोडायचा. किंवा आवाज ऐकवायचा आणि तो कोण करतंय ते दाखवायचं नाही.

ही दुसरी युक्ती बोलपटाइतकीच जुनी आहे. फ्रित्झ लांगचा 'एम' हा जर्मन चित्रपट १९३१ चा. बर्लिनमध्ये लहान मुलींचे खून होताहेत. एक कपडे धुणारी आई मुलगी शाळेतून परत यायची वाट बघते आहे. घड्याळात बाराचे ठोके पडतात. मुलगी येत नाही. आई हाका मारते, 'एल्सी! एल्सी!' आणि त्या हाकांवर आपल्याला दिसतं काय? रिकामा जिना, रिकामा पोटमाळा, जेवणाच्या टेबलावर मांडलेली रिकामी ताटली. मग गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही, किंकाळी नाही. ज्या बाईने मूल हरवल्याचा अर्धा तास जरी काढला असेल तिला ही हाक ओळखू येईल. इथे आपल्याला दिलेला कान आईचा आहे, उत्तराची वाट बघणारा.

आता 'सायको' (१९६०). न्हाणीघरातला तो खून जगभर गाजला. व्हायोलिनच्या किंचाळण्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. बर्नार्ड हर्मनने ते संगीत केलं तेव्हा हिचकॉकला खरं तर तिथे संगीत नकोच होतं. ऐकल्यावर त्याने मत बदललं. मी मात्र तुम्हाला त्याच्या आधीचा आवाज ऐकायला सांगेन. शॉवरचं पाणी. त्या पाण्याच्या आवाजामुळे तिला दार उघडल्याचं कळत नाही. आपल्याला पडद्यापलीकडे सावली दिसते, तिला ती ऐकू येत नाही. म्हणजे तो आवाज तिला बहिरी करतो आणि आपल्याला साक्षीदार, आणि तेही हात बांधलेला साक्षीदार. सुरा लागल्याचा आवाज करायला टेबलावर वेगवेगळ्या जातींची खरबुजं मांडून, त्यांत सुरी खुपसून, त्यातला एक आवाज निवडला होता असं सांगतात. मी या धंद्यातली आहे, मला त्या कसबाचं कौतुक आहे. तरी बाईचं अंग म्हणजे कोणतं फळ, याची निवड करणारी ती पुरुषमंडळी डोळ्यांसमोर आली की घास गिळवत नाही.

हिंदी सिनेमातल्या, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या, बलात्काराच्या प्रसंगांचे आवाज तर तुम्हाला पाठच असतील. वीज कडाडते. खिडकी वाऱ्याने आपटते. खलनायकाचं हसणं घुमतं. फुलदाणी फुटते. आणि मग लांबून मोटरसायकलचा आवाज. इथे ताण कशाचा आहे? तिचं काय होतंय याचा नाही. नायक वेळेत पोचतो की नाही याचा आहे. ती किंचाळते, पण तिला काय ऐकू येतंय हे आपल्याला कधीच ऐकवलं जात नाही. तिच्यावर अत्याचार झालेल्या बाया आपल्याला केंद्रात येऊन सांगतात तेव्हा काय सांगतात ते आठवा : पंखा चालू होता, शेजारी बातम्या लागल्या होत्या, नळ गळत होता. वीज कडाडल्याचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणखी एक उलटा प्रकार आपल्याकडे आहे. १९४९ च्या 'महल'पासून आपल्या रहस्यपटांमध्ये भीतीचा आवाज म्हणून बाईलाच उभं केलं गेलं. कुठून तरी येणारं गाणं, पैंजण, रिकाम्या हवेलीत सळसळणारी साडी. (त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर लता मंगेशकरांचं नावही नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. आवाज घ्यायचा आणि बाई गाळायची, ही रीत जुनी आहे.) म्हणजे रात्री पैंजण वाजले की नायकाची गाळण उडते. आपण रात्री घरी जाताना ज्याला घाबरतो ते पैंजण नसतात.

रात्री मागून येणारी पावलं सिनेमात नीट ऐकलीत ती १९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकन चित्रपटात. दिग्दर्शक जॅक टूर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. पैसे कमी होते, त्यामुळे राक्षस दाखवायची सोय नव्हती आणि सगळी भिस्त अंधारावर आणि आवाजावर. एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. तिच्या टाचांचा टकटक आवाज. मागे दुसऱ्या टाचा. ती चालते, थांबते, मागे बघते. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. खरी भीती इथे सुरू होते, कारण पावलं थांबली म्हणजे माणूस गेला असं नसतं. ती भराभर चालायला लागते आणि अचानक फिस्स असा जंगली जनावरासारखा आवाज कानाशी येतो. ती बस असते, ब्रेक दाबून थांबलेली. ही युक्ती पुढे इतक्यांनी उचलली की धंद्यात तिला 'ल्यूटनची बस' असं नावच पडलं. हा सिनेमा बाकी काही फार शहाणा आहे असं माझं मत नाही. पण त्या दीड-दोन मिनिटांत आपण तिच्या कानांनी चालतो. बस आल्यावर सुटकेचा जो श्वास ती सोडते तो शेवटची लोकल पकडणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे.

आता ज्या दोन चित्रपटांसाठी मी हा विषय घेतला त्यांच्याकडे येते.

पहिला 'ब्लॅकमेल', १९२९. हिचकॉकचाच, पण 'सायको'च्या एकतीस वर्षं आधीचा. मूकपट म्हणून सुरू झाला आणि मध्येच बोलपटाची लाट आली म्हणून काही भाग पुन्हा आवाजासकट चित्रित केला. गोष्ट अशी : लंडनमधल्या एका दुकानदाराची मुलगी, अ‍ॅलिस, एका चित्रकाराबरोबर त्याच्या स्टुडिओत जाते. तो तिच्यावर जबरदस्ती करतो. झटापट पडद्याआड होते, आपल्याला फक्त पडदा हलताना दिसतो. मग तिचा हात बाहेर येतो, चाचपडतो, पाव कापायची सुरी त्या हाताला लागते. तो मरतो. ती रात्रभर लंडनच्या रस्त्यांवरून फिरते आणि पहाटे घरी येऊन पांघरुणात शिरते.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर शेजारीण येऊन खुनाच्या बातमीवर गप्पा मारत असते. तुम्हाला माहीतच आहे अशी शेजारीण, मत विचारायची गरज नसते. ती बोलते आहे आणि कॅमेरा अ‍ॅलिसच्या चेहऱ्यावर आहे. हळूहळू शेजारणीचे शब्द पुसट व्हायला लागतात, नुसती बुडबुड ऐकू येते, आणि त्यातून एकच शब्द स्पष्ट वर येतो : सुरी. पुन्हा बुडबुड. सुरी. बुडबुड. सुरी. तेवढ्यात वडील सांगतात, पाव काप. ती सुरी हातात घेते, पुन्हा तो शब्द एकदम मोठ्याने येतो आणि सुरी तिच्या हातातून उडून पडते.

बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. बाकी सगळे लोक नुसते संवाद ऐकू आले यातच खूश होते. त्या काळात एका माणसाने हे शोधून काढलं की आवाज खोलीत नसतो, ऐकणाऱ्याच्या आत असतो. आणि आत जाण्यासाठी त्याने निवडली ती जबरदस्तीतून वाचलेली मुलगी. आघात झालेल्या बाईचं ऐकणं कसं होतं, हे समुपदेशन करणाऱ्या आपल्या मैत्रिणी जाणतात. आपण तिच्याशी पंधरा मिनिटं बोलतो आणि तिला त्यातला एकच शब्द ऐकू आलेला असतो. 'सासरी', 'पोलीस', 'मुलं'. हे पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा या दोन मिनिटांत जास्त कळतं.

पण 'ब्लॅकमेल'चं मी नुसतं कौतुक करणार नाही. अ‍ॅलिसचं काम करणारी अ‍ॅनी ऑन्ड्रा हिचे उच्चार परदेशी वळणाचे होते. नंतर आवाज भरायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही दुसरी नटी कॅमेऱ्याच्या बाहेर माईकपाशी उभी राहून वाक्यं बोलायची आणि ऑन्ड्रा नुसते ओठ हलवायची. म्हणजे ज्या सिनेमाने बाईचे कान पहिल्यांदा इतके मनावर घेतले, त्यात तिचा आवाज तिचा नव्हता. आणि शेवट बघा. अ‍ॅलिस कबुलीजबाब द्यायला पोलिसांच्या मुख्यालयात, स्कॉटलंड यार्डात जाते. सांगायला तोंड उघडते तोच टेलिफोन वाजतो. अधिकारी तिला तिच्याच मित्राच्या हवाली करतो, जो तिथला पोलीस आहे आणि ज्याने पुरावा आधीच दडवला आहे. तिचं म्हणणं नोंदवलंच जात नाही. दारावरचा पोलीस काहीतरी विनोद करतो आणि सिनेमा पुरुषांच्या हसण्यावर संपतो. माझ्या मते सगळ्या सिनेमातला सगळ्यात भयंकर आवाज तो आहे.

दुसरा चित्रपट 'गॅसलाइट', १९४४, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर, मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टनचं, १९३८ चं. नाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवून देतो की तुझ्याच डोक्यात बिघाड आहे, या प्रकाराला इंग्रजीत आता याच सिनेमावरून नाव पडलंय. आपल्याकडे शब्द होताच : वेड्यात काढणं. त्यातला गॅसचा दिवा मंद होणं सगळ्यांना आठवतं. मला त्यातली पावलं आठवतात. नवरा रोज संध्याकाळी कामाला म्हणून बाहेर पडतो. मग दिवा मंद होतो आणि छतावर, बंद करून ठेवलेल्या पोटमाळ्यात, कोणीतरी चालल्याचा आवाज येतो. चालणारा तिचा नवराच असतो, शेजारच्या घरातून छपरावरून येऊन तिच्या मावशीचे दागिने शोधत असतो. पॉलाला, म्हणजे इन्ग्रिड बर्गमनला, हे माहीत नाही. ती घरातल्या स्वयंपाकिणीला विचारते, तुला काही ऐकू आलं का? स्वयंपाकीण कानाने मंद. तिला काही ऐकू आलेलं नसतं.

काय नेमकी जागा पकडली आहे पहा. घरात दुसरी बाई आहे, ती दुष्ट नाही, खोटं बोलत नाही, पण तिला ऐकूच येत नाही. त्यामुळे पॉलाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडत जातो. पण आपल्याला, प्रेक्षकांना, दिग्दर्शकाने ती पावलं ऐकवलेली आहेत. हा ताण 'सायको'च्या अगदी उलटा. तिथे आपल्याला माहीत आणि तिला नाही. इथे तिला जे ऐकू येतं तेच आपल्याला येतं, आणि सिनेमाभर आपण खुर्चीत चुळबुळत म्हणत राहतो, अगं, खरंच आवाज आहे. शेवटी एक पोलीस अधिकारी घरात येतो आणि त्यालाही ते ऐकू येतं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं आहे. कोणीतरी 'मलाही ऐकू आलं' म्हणण्याने काय होतं ते तिथे दिसतं. तो म्हणणारा पुरुष असावा लागतो, अधिकारी असावा लागतो, हेही आहेच.

इथे थोडं विषयांतर करते, कारण यातला धागा आपल्या रोजच्या कामाला जोडलेला आहे. नवऱ्याने मारलं, जाळलं, अशा प्रकरणात शेजारी आपल्याला काय सांगतात? 'आवाज आला हो, पण आम्ही काही पाहिलं नाही.' आणि आपणही ते तिथेच सोडतो, कारण आपल्या डोक्यात साक्षीदार म्हणजे पाहिलेला. कायदा असं म्हणत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या साठाव्या कलमात स्पष्ट होतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे : गोष्ट बघण्यासारखी असेल तर बघणाऱ्याचा आणि ऐकण्यासारखी असेल तर ऐकणाऱ्याचा. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. 'ऐकीव' वेगळं आणि 'ऐकलेलं' वेगळं. शेजारणीने दुसरीकडून समजलेली हकिकत सांगितली तर ती ऐकीव. भिंतीपलीकडून आपटल्याचा आवाज, त्यानंतरची किंकाळी, त्यानंतरची शांतता तिने स्वतःच्या कानांनी ऐकली असेल तर त्या आवाजापुरती ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे. जबाब घ्यायला मदत करताना 'काय पाहिलंत' बरोबर 'काय ऐकलंत, किती वाजता, आधी काय, मागून काय' हे विचारायला हवं. सिनेमावाल्यांना हा क्रम बरोबर कळतो.

आता घरकामाच्या आवाजांबद्दल. बेल्जियमच्या शान्ताल आकरमानने १९७५ साली 'जान दीलमन' नावाचा चित्रपट केला तेव्हा ती पंचविशीची होती. तंत्रज्ञांमध्ये जवळपास सगळ्या बायका. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांनी तो सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून निवडला, तेव्हा बऱ्याच पुरुषांना धक्का बसला. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा आणि तिचे तीन दिवस. दुपारी एकेक गिऱ्हाईक येतं, त्यावर घर चालतं. बाकी वेळ ती बटाटे सोलते, भांडी घासते, बूट पुसते. पार्श्वसंगीत नाही. दिव्याचं बटण खट्, तिच्या टाचा, नळ, झाकण, पुन्हा बटण खट्. पहिल्या दिवशी आपण या आवाजांच्या ठेक्यात बसतो, थोडे कंटाळतोही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. झाकण ठेवायचं राहतं. हातातून चमचा पडतो, आणि त्या चमच्याच्या आवाजाने आपण खुर्चीत दचकतो. मी पुष्कळ भयपटांचे आवाज जोडलेत, पण चमचा पडल्याने इतका घाबरलेला प्रेक्षक मी पाहिलेला नाही. तिसऱ्या दिवशी काय होतं ते तुम्ही बघाच, सांगत नाही. हिचकॉकला खरबूज लागलं, आकरमानला चमचा पुरला.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे 'द ग्रेट इंडियन किचन', मल्याळम, २०२१, दिग्दर्शक जिओ बेबी. तोही पार्श्वसंगीत जवळपास टाळतो. चिरणं, खवणं, परतणं, वाटणं, घासणं. सुरुवातीला हे आवाज इतके चविष्ट आहेत की भूक लागते. ही त्याची हुशारी, कारण पुढे तेच आवाज अंगावर यायला लागतात. मोरीचा पाइप गळतो. ती नवऱ्याला सांगते, प्लंबर बोलव. तो विसरतो. ती पुन्हा सांगते. ते गळणारं पाणी म्हणजे त्या सिनेमातला टाइमबॉम्बच. आपल्याकडे ज्या बायकांना मी हा दाखवला त्या पाणी गळायला लागल्यावर हसल्या, आणि दुसऱ्यांदा तो पाइप आला तेव्हा गप्प झाल्या.

हे सगळं ताण सोसणाऱ्या बाईबद्दल झालं. आवाज करणाऱ्या बायका पडद्यावर कमी. केतन मेहतांच्या 'मिर्च मसाला'त (१९८७) सुभेदाराचे शिपाई मसाल्याच्या कारखान्याचं दार फोडतात, आत बायका. दारावरचा प्रत्येक घाव आपण आतून ऐकतो, बायकांच्या बाजूने. आणि त्याआधी गावात मुखीच्या बायकोबरोबर बायका लाटण्यांनी थाळ्या वाजवत निघतात. तो आवाज आपल्याला ओळखीचा आहे. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. स्वयंपाकघरातला आवाज रस्त्यावर आणला की त्याचा अर्थ बदलतो, हे सिनेमाच्या आधी चळवळीला माहीत होतं.

२००८ मध्ये 'ब्रेकथ्रू' संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम काढली, त्यातल्या छोट्या जाहिराती इथे काहींनी पाहिल्या असतील. बंद दार, आतून मारहाणीचे आवाज, बाहेर ऐकणारा माणूस किंवा खेळणारी मुलं. मग कोणीतरी जाऊन बेल वाजवतं. दूध मागायला म्हणून, चेंडू मागायला म्हणून. आतला आवाज थांबतो. मारहाण दाखवलेली नाही, एवढ्याने ती अधिक खरी झाली. माझी एक तक्रार आहे : मोहीम पुरुषांना उद्देशून होती म्हणून बेल वाजवणारे बहुतेक पुरुष आणि मुलगे आहेत, हे ठीक, पण आतल्या बाईचा एखादा शब्दही आपल्यापर्यंत पोचत नाही. तरी तंत्र म्हणून त्यांनी कान कोणाचा घेतला ते पहा. शेजाऱ्याचा. 'कानाडोळा' करणाऱ्या शेजाऱ्याचा.

आणि आता आपली पथनाट्यं. मागे एका वस्तीत मी एका गटाचं नाटक पाहिलं. नवरा हात उगारतो, ढोलकीवर थाप, बायको पडते. पुन्हा थाप, पुन्हा पडते. तालात. पुढे बसलेली पोरं प्रत्येक थापेला हसत होती, आणि तिसऱ्या वेळेला थापेच्या आधीच हसली. ठेका लावला की माणसं ठेक्याची वाट बघतात, मघाशी झोपाळ्याचं सांगितलं तेच. तिथे ढोलकी मारणाऱ्याच्या बाजूने वाजत होती.

म्हणून आज दुपारच्या सत्रासाठी माझा प्रस्ताव असा आहे. गट पाडायचे आणि हाच प्रसंग बसवायचा, पण मारहाण चादरीच्या पडद्याआड. प्रेक्षकांसमोर बसणार शेजारचं कुटुंब, जेवत असलेलं. पलीकडून पहिला आवाज येतो. जेवणारे थांबतात. दुसरा आवाज येतो. कोणीतरी उठतं आणि टीव्हीचा आवाज वाढवतं. तिथून पुढे काय होतं ते प्रत्येक गटाने ठरवायचं. ढोलकी, डफ, बाजाची पेटी यांतलं काही घ्यायचं नाही. चार स्टीलची ताटं, एक कुकर, एक पत्र्याची बादली आणि कोणाचा तरी मोबाइल टीव्हीसाठी, एवढं पुरे. दाराची कडी इथल्या हॉलची वापरा, सकाळपासून वाजतेच आहे.